नवी मुंबी

ऑफिसमध्ये एक बग आला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये खोड्या काढायचा पगार घेतो. तर फॉर्ममध्ये नाव कंपल्सरी, बाजूला लाल स्टार, रिकामं सोडलं की फॉर्म पुढे सरकतच नाही, आणि तरी डेटाबेसमध्ये एका युजरचं नाव कोरं. डेव्हलपर म्हणाला स्पेस मारली असेल, मी म्हटलं स्पेस तर ट्रिम होते ना, तो म्हणाला हो होते, मग दोघंही चहा थंड होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसलो. लेंग्थ काढली तर १. म्हणजे आहे काहीतरी, फक्त दिसत नाहीये. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आकडेपद्धतीत जिथे ९ नंतर ए ते एफ येतात, उघडलं तेव्हा तीन बाइट निघाले: ई२, ए०, ८०. ते शोधलं तर उत्तर आलं, यू प्लस २८००, ब्रेल पॅटर्न ब्लँक.

म्हणजे ब्रेलमधला असा खाना ज्यात एकही ठिपका उठलेला नाही. दिसायला स्पेस, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक नंबर देणाऱ्या यादीच्या, नोंदीत ही स्पेस नाही. तिथे प्रत्येक कॅरेक्टरचा एक प्रकार ठरलेला असतो, हे अक्षर, हा आकडा, ही मोकळी जागा वगैरे, आणि ब्रेलची सगळीच्या सगळी कॅरेक्टर 'इतर चिन्हं' या गठ्ठ्यात आहेत. ट्रिम करणारा कोड फक्त मोकळी जागा असा शिक्का असलेली कॅरेक्टर कापतो, त्यामुळे हे पठ्ठं आरामात आत शिरतं. व्हॉट्सॲपवर कोरा मेसेज पाठवणारे किंवा गेममध्ये बिननावाचे फिरणारे लोक जे 'इन्व्हिजिबल टेक्स्ट' कॉपी-पेस्ट करतात ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं.

मी तिकीट लिहिलं, म्हणजे बगची नोंद केली, डेव्हलपरने खाली लिहिलं की अख्खा ब्रेल ब्लॉकच, म्हणजे युनिकोडमधला ब्रेलचा सगळा गठ्ठाच, नावाच्या फील्डमध्ये बंद करून टाकतो, कोण वापरतंय. आणि मला आमच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका आठवले.

काका बँकेतून रिटायर झाले, टेलिफोन ऑपरेटर होते. लहानपणीच दृष्टी गेली, मग मुंबईतल्या शाळेत स्लेट-स्टायलसवर, म्हणजे खाचांची पट्टी आणि टोच्या घेऊन, ब्रेल शिकले, आणि अजून रोज वाचतात. स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक मी पहिल्यांदा त्यांच्याच टेबलावर बघितलं, जाडजूड पांढरा कागद, एका अक्षराची शाई नाही. मी आपला उगाच लाइटखाली धरून तिरका करून बघत होतो आणि काका म्हणाले, 'अरे बघतोस काय, हात लाव.'

तर योगायोग असा की त्याच आठवड्यात सोसायटीच्या नव्या लिफ्टचं काम संपत आलं होतं आणि सेक्रेटरींच्या डोक्यात आलं की सगळ्या मजल्यांवर आणि गेटवरच्या पाटीवर ब्रेल पण टाकूया, काकांची सोय होईल. चांगलाच विचार. पण सोसायटीत 'कॉम्प्युटरवाला' म्हटलं की प्रिंटर बिघडण्यापासून कुणाच्या मुलीच्या ॲडमिशनच्या फॉर्मपर्यंत सगळं माझ्याकडे येतं, तसं हेही आलं. मला तर ताजा ताजा २८०० सापडलेला, मी म्हटलं, करतो ना, त्यात काय.

त्यात काय होतं ते आता सांगतो.

युनिकोडमध्ये ब्रेल आलं १९९९ मध्ये, आवृत्ती ३.० मध्ये. २८०० पासून २८एफएफ पर्यंत, एकूण २५६ जागा. आता ब्रेलच्या खान्यात ठिपके सहा ना, मग चालू-बंद असे प्रकार होतात ६४, हे २५६ कुठून आले? तर कॉम्प्युटरसाठी खाली अजून एक ओळ जोडून आठ ठिपक्यांचं ब्रेल तयार झालं, दोनाचा आठवा घात २५६. नंबरिंग जरा गमतीशीर आहे. डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६, आणि नंतर जोडलेले खालचे दोन म्हणजे डावा ७ आणि उजवा ८. चाळीत मागाहून दोन खोल्या चढवल्यावर जसे नंबर द्यावे लागतात तसे, जुन्यांचे नंबर कुणी बदलत नाही.

आणि याचाच युनिकोडवाल्यांनी मस्त उपयोग केलाय. प्रत्येक ठिपक्याला एक बिट. पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, मग १६, ३२, ६४, १२८. जेवढे ठिपके उठलेत त्यांची बेरीज करा, २८०० मध्ये मिळवा, झाला त्याचा नंबर. मराठी ब्रेलमध्ये 'क' म्हणजे ठिपके १ आणि ३, एक अधिक चार पाच, म्हणून २८०५. 'ठ' म्हणजे २, ४, ५, ६, बेरीज ५८, हेक्समध्ये ३ए, म्हणून २८३ए. टेबल पाठ करायला नको, काही नको. आणि ७-८ शेवटी असल्यामुळे सहा ठिपक्यांचं सगळं जुनं ब्रेल पहिल्या ६४ जागांमध्ये बसतं. मला हे इतकं आवडलं की रात्री जेवताना बायकोला समजावायला गेलो, तिने भाजी वाढून विषय बदलला.

पण यात एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. २८०५ चं अधिकृत नाव 'क' नाहीये. के सुद्धा नाहीये. त्याचं नाव आहे 'ब्रेल पॅटर्न डॉट्स-१३'. बस. युनिकोड फक्त एवढंच सांगतं की पहिला आणि तिसरा ठिपका वर आहे, त्याचा अर्थ काय ते तुमचं तुम्ही बघा. आणि बरोबरच आहे म्हणा, कारण तोच खाना इंग्लिशमध्ये एक अक्षर, मराठीत दुसरं, गणितात तिसरं काहीतरी आणि संगीताच्या ब्रेलमध्ये चौथंच. ते ठरवायला गेले असते तर अजून मीटिंग चालू असती.

मी लिहिली एक छोटी स्क्रिप्ट. देवनागरीचं एकेक कॅरेक्टर घ्यायचं, भारती ब्रेलच्या तक्त्यात बघायचं, ठिपके काढायचे, बेरीज, आउटपुट. भारती ब्रेल म्हणजे सगळ्या भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेली एकच पद्धत. त्याआधी वेगवेगळ्या भाषांच्या वेगवेगळ्या तऱ्हा होत्या. यात कल्पना अशी की आवाज एक तर ठिपके एक, मग लिपी देवनागरी असो, गुजराती असो नाहीतर तमिळ. आणि जिथे जमलं तिथे आवाज इंग्लिश ब्रेलशीही जुळवलेत, क ला के चे ठिपके, ब ला बी चे, म ला एम चे. ज्यांना जोडीदार नाही त्यांना उरलेले खाने वाटून टाकले. 'ठ' च्या वाट्याला डब्ल्यू चा खाना आलाय. डब्ल्यू स्वतःच पाहुणा बरं का, लुई ब्रेलच्या फ्रेंचमध्ये त्याचं काही काम नव्हतं, म्हणून मूळ तक्त्यात तो नव्हताच, मागाहून आला.

स्क्रिप्ट चालली. आउटपुट बघून छाती फुगली. मजल्यांचे नंबर, फ्लॅटचे नंबर, लिफ्टच्या आत 'नमस्कार' असा एक बोर्ड सेक्रेटरींना हवा होता तो, आणि गेटवर सोसायटीचं नाव आणि खाली 'ऐरोली, नवी मुंबई'. ठाणे स्टेशनजवळ एक पाट्या करणारे आहेत त्यांना पीडीएफ पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, साहेब तुमच्या फाइलमध्ये नुसते चौकोनी डबे दिसतायत. त्यांच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या फॉन्टवर टेक्स्ट गेलं त्यात हा ब्लॉकच नव्हता. मग मी एक फॉन्ट पाठवला, त्यात दिसायला लागलं, पण त्या फॉन्टमध्ये न उठलेल्या ठिपक्यांच्या जागी पण बारीक पोकळ गोल काढलेले होते, डोळ्याने बघणाऱ्याला खाना कळावा म्हणून. आता मशीनला काय कळणार पोकळ आणि भरीव, गोल दिसला की पाड भोक. नशिबाने त्यांनी आधी विचारलं, 'साहेब सगळ्या अक्षरांना सहा-सहाच ठिपके आहेत का?' नाहीतर अख्ख्या बिल्डिंगभर एकच अक्षर झालं असतं. सहाही ठिपके म्हणजे 'ढ', योग्यच होतं म्हणा.

साइझवरून पण झालं. ते म्हणाले एवढं बारीक कशाला, मोठं करू, वाचायला बरं पडेल. मला पण क्षणभर पटलं. पण ब्रेलचा एक खाना बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावला पाहिजे, दोन ठिपक्यांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर, त्याहून फार मोठं केलं की बोटाला एकेक ठिपका वेगळा शोधत फिरावं लागतं. डोळ्याचा आणि बोटाचा हिशोब उलटा आहे. शेवटी त्यांनी ॲक्रिलिकमध्ये भोकं पाडून त्यात बारीक मणी बसवून प्रत्येक प्रकारच्या पाटीचा एकेक सॅम्पल दिला, एका शनिवारी मी ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाऊन घेऊन आलो आणि तसाच तिसऱ्या मजल्यावर.

काकूंनी दार उघडलं, काका गॅलरीत रेडिओ ऐकत होते. मी प्लेट हातात दिली. त्यांनी डाव्या हाताने कडा पकडली, उजव्या हाताचं बोट फिरवलं, आणि थांबले.

'हा कुठला फ्लॅट म्हणालास?'

'तुमचाच काका, ३०४.'

'इथे लिहिलंय चजद.'

मला कळेना. ते म्हणाले, 'अरे ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळे ठिपके नाहीत. ए ते जे हीच अक्षरं आकडे म्हणून वापरायची, फक्त आधी आकड्याची खूण द्यायची. ती कुठंय?' नव्हती. मी ३ ला सी चे ठिपके दिले, ० ला जे चे, ४ ला डी चे, आणि खूण विसरलो. सी म्हणजे मराठीत च, जे म्हणजे ज, डी म्हणजे द. लिफ्टमध्ये पण पहिला मजला अ, दुसरा ब, तिसरा च, चौथा द. काका म्हणाले, 'बरंय की, शाळेतल्या तुकड्यांसारखं वाटतंय, मी तिसरी च मध्ये राहतो.'

मतदानाच्या मशीनवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, काकांनी ते हाताने वाचून मत दिलंय, ते सांगत होते. मी इतक्या वेळा मतदान केलं, माझं लक्षही गेलं नव्हतं तिकडे.

आकड्याची खूण म्हणजे ठिपके ३, ४, ५, ६. आता गंमत बघा, भारती ब्रेलमध्ये नेमका हाच खाना 'ण' चा पण आहे. मी घाबरलो, म्हटलं मग कळतं कसं? काका म्हणाले, 'ण ने सुरू होणारा एक शब्द सांग.' मी विचार करत बसलो. 'नाही ना? मग झालं तर.' शब्दाच्या सुरुवातीला आला तर आकडा, मध्ये किंवा शेवटी आला तर ण, बोटाला विचार करावाच लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र लागतो. नंतर घरी येऊन मी 'ठाणे' शब्दाचे चार खाने एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये उलटे टाकून बघितले, तो इंग्लिशवर राहिला होता, आणि उत्तर आलं 'वॉर ५'. ठ म्हणजे डब्ल्यू, आ चा खाना इंग्लिशच्या शॉर्टफॉर्ममध्ये ए-आर, ण म्हणजे आकड्याची खूण, आणि ए म्हणजे त्या खुणेनंतर ५. एक ठिपका इकडचा तिकडे नाही, युनिकोड नंबर तेच चार, २८३ए, २८१सी, २८३सी, २८११. फक्त वाचणारा कुठल्या भाषेत बसलाय ते बदललं. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनवर पाच नंबरला उभं राहिलेल्या माणसाला हे भाषांतर फारसं चुकीचं वाटणार नाही.

पुढचा बोर्ड 'नमस्कार'. यात माझी जास्त नाचक्की झाली कारण इथे चूक विसरण्याची नव्हती, समजण्याची होती. आपण टाइप करतो तेव्हा स्क कसा साठतो, आधी स, मग हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, मग क. भारती ब्रेलमध्ये हलन्त आहे, चौथा ठिपका, पण तो जोडाक्षराच्या आधी येतो. म्हणजे न, म, हलन्त, स, क, आ, र. बोट डावीकडून येतं, पुढे जोडाक्षर येतंय हे त्याला आधी कळलेलं बरं, मागे जाऊन स चा पाय मोडायला बोटाला वेळ नसतो. माझ्या स्क्रिप्टने युनिकोडच्या क्रमाने आपलं स नंतर हलन्त ठेवून दिलं, मग काकांच्या बोटाला स पूर्ण वाटला आणि क चा पाय मोडला, आणि त्या लंगड्या क ला लगेच आ. ते दोनदा वाचून म्हणाले, 'हे कोण बोलतंय, दारू प्यालेला?'

उलट वेलांटीचं बघा. ऱ्हस्व वेलांटी आपण कागदावर अक्षराच्या आधी काढतो, 'कि' मध्ये आधी वेलांटी मग क, पण युनिकोडमध्ये साठताना क आधी, आणि ब्रेलमध्ये पण क आधी. तिथे दोघांचं एकमत. आणि ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटी असं वेगळं काही नाहीच, आ चा खाना तोच काना, ई चा खाना तीच दीर्घ वेलांटी. क्ष आणि ज्ञ ला तर स्वतंत्र एकेक खाना आहे, युनिकोडमध्ये तेच तीन-तीन कॅरेक्टर. म्हणजे कुठे हे जास्त शहाणे, कुठे ते. एकास एक असा तक्ता करून भागतच नाही. मी शनिवार-रविवार घालवून जे केलं ते नीट करणारी लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, आधीच आहे, लिबलुई नावाची, ओपन सोर्स, लुई ब्रेलच्याच नावाने, एनव्हीडीए सारखे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम, तीच वापरतात, आणि तिच्यात मराठीचा तक्ता सुद्धा आहे. हे मला स्वतःची स्क्रिप्ट मोडीत निघाल्यावर कळलं. टेस्टरने आधी गुगल करावं ही अपेक्षा चुकीची नाही, मान्य.

आणि मग गेटवरची पाटी.

काकांनी 'ऐरोली' वाचलं, मान हलवली, मी जरा सैल झालो. 'नवी' वाचलं. पुढे बोट गेलं आणि ते हसायला लागले, असे की काकू आतून बघायला आल्या.

'नवी मुंबी.'

म्हटलं काका, मुंबई आहे ते. ते म्हणाले, 'तू बघ ना काय लिहिलंस. ब, मग ई. ब ला ई लागली तर काय होतं?' बी. आत्ताच सांगितलं तसं ब्रेलमध्ये वेलांटी आणि ई चा खाना एकच. मग मुंबई मधली सुटी ई कशी दाखवायची? तर मध्ये एक अ घालायचा. म, उ, अनुस्वार, ब, अ, ई. तो अ सांगतो की ब इथे संपला, पुढची ई स्वतंत्र आहे. म्हणजे आपण लिहिताना ब मधला जो अ गिळून टाकलेला असतो, कागदावर ज्याला काहीच खूण नाही, तो इथे सही करून हजर राहतो. काकांनी लगेच दुसरं उदाहरण दिलं, 'कढई लिहिताना अ विसरलास तर कढी होते. आमच्या शाळेत एकाने लिहिलं होतं, आईने चुलीवर कढी ठेवली, कढीत तेल ओतलं.' काकू म्हणाल्या, 'आणि मग?' काका म्हणाले, 'मग काय, मार खाल्ला.'

मी कॉम्प्युटरवर नंतर मोजलं. मुंबई, डोळ्याला अक्षरं तीन. युनिकोडमध्ये पाच कॅरेक्टर. ब्रेलमध्ये सहा खाने. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे नंबर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं पण एक कॅरेक्टर तीन बाइट आणि ब्रेलचं पण तीन, म्हणजे पंधरा आणि अठरा. जास्तीचे तीन बाइट त्या गिळलेल्या अ चे.

चहा घेताना मी काकांना ऑफिसमधला बग सांगितला, की त्या रिकाम्या ब्रेलमुळे आता नावाच्या फील्डमध्ये सगळं ब्रेल बंद करायचं चाललंय. मला वाटलं ते चिडतील, मीच मनातून त्यांच्या बाजूने भाषण तयार करून ठेवलं होतं, ॲक्सेसिबिलिटी वगैरे. काका म्हणाले, 'करा की बंद. मी कुठे ते वापरतो?'

मी म्हटलं म्हणजे? तर त्यांनी फोन काढला, स्क्रीन बाहेरच्या बाजूला करून दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांनी धरला आणि स्क्रीनवर दाबायला लागले, सहा बोटं म्हणजे सहा ठिपके. ब्रेल कीबोर्ड. माझ्या व्हॉट्सॲपवर इंग्लिश अक्षरांत मेसेज पडला, 'चहात साखर कमी आहे का'. साधी अक्षरं, एकही ब्रेल कॅरेक्टर नाही. त्यांच्याकडे मुलाने आणून दिलेला एक छोटा ब्रेल डिस्प्ले पण आहे, वीस खान्यांची पट्टी, प्रत्येक खान्यात आठ बारीक पिना, वर येतात खाली जातात, तो फोनला जोडला की माझा देवनागरीतला रिप्लाय त्यावर ठिपके होऊन येतो. ठिपके बोटापाशी पोचताना तयार होतात, त्याआधी सगळा प्रवास तुमच्या-आमच्या अक्षरांतूनच. कारण ते म्हणाले तसं, ब्रेल कॅरेक्टरमध्ये नाव सेव्ह केलं तर उद्या त्यांना शोधणार कोण? नावाने सर्च केलं तर सापडणार नाही, यादी लावली तर सगळ्यात खाली किंवा सगळ्यात वर, आणि फोन वाचून दाखवायला लागला तर कधी नुसते डॉटचे नंबर बोलत बसतो नाहीतर गप्पच. म्हणून तर या अख्ख्या पोस्टमध्ये मी एकही ब्रेल कॅरेक्टर टाकलेलं नाही, सगळे ठिपके नंबरनेच सांगितलेत, काका ही पोस्ट ऐकणार आहेत.

मग ती २५६ कॅरेक्टर वापरतं कोण, असं मला वाटलं. ब्रेल छापणाऱ्यांना लागतात, फाइलमध्ये नेमके कुठले ठिपके छापायचे ते ठेवायला. पण तिथे सुद्धा जुनी पद्धत अजून जोरात आहे, बीआरएफ फाइल, ज्यात चौसष्ट खान्यांसाठी कीबोर्डवरची साधीच चौसष्ट चिन्हं ठरवून दिलीत, ओळीत साधारण चाळीस आणि पानावर पंचवीस ओळी. त्यात 'ठाणे' म्हणजे डब्ल्यू, मग 'पेक्षा मोठं' चं चिन्ह, मग हॅश, मग ई. युनिकोडच्या आधीपासूनचं आहे ते, आणि नोटपॅडमध्ये उघडलं तर पासवर्ड वाटतो. बाकी मग आमच्यासारखे पाट्यावाले. आणि सगळ्यात जास्त बहुतेक प्रोग्रामर, ज्यांचा ब्रेलशी काही संबंध नाही. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, काही इन्स्टॉल करताना ते ठिपके गोल गोल फिरतात ना, वाट बघा म्हणून, ते ब्रेलच आहे, मी कित्येक वर्षं बघतोय आणि मला वाटायचं काहीतरी खास ॲनिमेशन. एका कॅरेक्टरमध्ये दोन बाय चार ठिपके मिळतात, म्हणजे ऐंशी कॉलम चोवीस ओळींच्या काळ्या खिडकीत एकशेसाठ बाय शहाण्णवचं चित्र काढता येतं, म्हणून लोक त्यात सीपीयूचे ग्राफ पण काढतात. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, 'म्हणजे आमचं ब्रेल तुम्ही बघायला वापरता.'

तर आता पाटी. लिबलुईतून सगळं पुन्हा काढलं, काकांनी माझ्या मोबाइलवरून एकेक खाना नंबरने ऐकून तपासला, १३४, १३६, ५६, १२, १, ३५, बरोबर, पुढचा. पाट्यावाल्यांनी या वेळी न कुरकुरता करून दिल्या. मागच्या रविवारी लावल्या, लिफ्टच्या बटणांशेजारी, प्रत्येक दारावर, आणि गेटवर जमिनीपासून किती उंचीवर लावायची यावर वॉचमन, सेक्रेटरी आणि मी असा अर्धा तास वाद, तो काकांनी येऊन हात जिथे सहज पोचला तिथे पेन्सिलची खूण करून संपवला. तिसऱ्या मजल्यावर आता खुणेसकट ३ आहे. ते म्हणतात च ची सवय झाली होती.

ऑफिसचं तिकीट अजून उघडंच आहे. मी खाली लिहिलंय की ब्लॉक बंद करायचा तर करा, पण आधी नावात किमान एक तरी खरं अक्षर आहे का ते तपासा, कारण न दिसणारी कॅरेक्टर याच एका ब्लॉकमध्ये नाहीत, उद्या दुसरं कोणीतरी दुसरीकडून घेऊन येईल.

आणि काल बिल आलं. ब्रेलचे पैसे खान्यावर लावलेत, प्रिंटचे अक्षरावर. सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून बिल घेऊन माझ्या दारात, 'अरे तीन अक्षरांची मुंबई, यांनी सहाचे पैसे लावलेत, जरा बोल त्यांच्याशी.' मी समजावून सांगितलं, उकार वेगळा, अनुस्वार वेगळा, आणि ब च्या पुढे एक अ घालावा लागतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'बाकीचं ठीक आहे, पण तो अ कुणी सांगितला घालायला?'

मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलंय.